निर्लेखनाआधी चार वायरींचे व्होल्ट तरी मोजा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळ्याची सुट्टी संपून जूनच्या मध्याला शाळा उघडल्या की सांगली, मिरज, तासगाव, विटा, पलूस अशा सगळीकडून एकच तक्रार येते. निकालपत्रके छापून बंद केलेला डेस्कटॉप आता बटण दाबले तरी उठत नाही. वाचनालये, विकास सोसायट्या, छोट्या पतसंस्था यांच्याकडेही दहा-दहा, पंधरा-पंधरा वर्षांची यंत्रे आहेत, त्यांचीही तीच तऱ्हा. मग कुणाला तरी बोलावले जाते, तो झाकण उघडण्याआधीच ‘मदरबोर्ड गेला’ म्हणून मोकळा होतो आणि जडसंग्रह नोंदवहीतला तो नग निर्लेखनाच्या, म्हणजे निकामी ठरवून नोंदीतून काढण्याच्या, यादीत चढतो. आम्ही याच धंद्यातले, त्यामुळे हा दोष आमच्याही माथी येतो हे मान्य. पण मदरबोर्डवर (सगळे भाग ज्याला जोडलेले असतात त्या मुख्य बोर्डवर) खापर फोडण्याची पाळी सगळ्यात शेवटी यायला हवी. त्याआधी एक साधा मल्टिमीटर, खोडरबर आणि अर्धा तास एवढ्यावर बरेच कळते.

दोन महिने नुसते बंद राहून यंत्र कसे बिघडते, असे लोक विचारतात. मागचा स्विच चालू असतो तेव्हा संगणक बंद दिसला तरी एसएमपीएसमधून (आतल्या भागांना वीज पुरवणाऱ्या डब्यातून) ५ व्होल्टचा एक बारीक पुरवठा बोर्डला अखंड मिळत असतो. घड्याळ त्यावर चालते. सुट्टीत मेन स्विच पाडला (तो पाडावाच, वळवात विजांचा भरवसा नसतो) की ते ओझे बोर्डवरच्या नाण्याएवढ्या सीआर २०३२ सेलवर येते, आणि कित्येक वर्षांचा जुना सेल त्या दोन महिन्यांत मान टाकतो. दुसरे कारण एसएमपीएसच्या आत. त्याच बारीक (स्टँडबाय) पुरवठ्यातला छोटा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर (वीज साठवणारी नळकांडी) वर्षानुवर्षे ऊब खाऊन वाळलेला असतो. यंत्र रोज चालते तोवर तो कसाबसा रेटतो, एकदा पूर्ण थंड पडला की पुन्हा उठत नाही. तिसरे कारण हवा आणि धूळ. मार्केट यार्डाच्या आसपास हळदीची पूड, ऊसपट्ट्यात कारखान्याच्या धुराड्यातून उतरणारी काजळी, जत-आटपाडीकडे नुसती माती. पहिल्या पावसाचा दमटपणा त्यात मिसळला की रॅमच्या (तात्पुरत्या स्मृतीच्या पट्टीच्या) सोनेरी दातांवर थर बसतो. उंदीर आणि पाली वेगळ्याच. मागच्या बाजूची कार्डाची एखादी पत्र्याची पट्टी हरवलेली असते, तेवढ्या फटीतून ते आत जातात आणि वायरी कुरतडतात. त्या जागी पत्र्याची पट्टीच बसवावी. पुठ्ठा लावला तर तो कुरतडून पुन्हा वाट होते.

‘संगणक चालू होत नाही’ हे एकच वाक्य चार वेगळ्या आजारांना लावले जाते, म्हणून दुरुस्तीवाल्याला फोन करण्याआधी नीट पाहून ठेवावे. लाइट, पंखा काहीच हलत नाही? पंखा फिरतो पण पडदा काळाच? काही सेकंद चालून आपोआप बंद? की पडद्यावर अक्षरे येतात आणि विंडोज मात्र येत नाही? चौघांचे उपाय वेगळे, खर्चही वेगळा. आपल्याकडे अख्ख्या कॅबिनेटलाच सीपीयू म्हणायची सवय आहे, तीही महागात पडते. ‘सीपीयू गेला’ असे सांगितले आणि बिलावर ‘सीपीयू बदलला’ असे लिहिले, तरी प्रोसेसर बदलला, एसएमपीएस बदलला की जुनेच कॅबिनेट पुसून दिले, हे कुणालाच कळत नाही. बिलावर भागाचे नाव लिहून घ्यावे.

पहिला आजार, काहीच हलत नाही. इथे निम्म्या वेळा संगणकाचा दोषच नसतो. यूपीएसमधली १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी दोन-तीन वर्षांत संपते, आणि काही यूपीएस बॅटरी मेलेली असली की भिंतीतून वीज येत असूनही बाहेर काही सोडत नाहीत. म्हणून आधी यूपीएस आणि स्पाइक बस्टर दोन्ही वगळून संगणक थेट भिंतीच्या थ्री-पिनमध्ये लावावा. कॅबिनेटची वायर आणि मॉनिटरची वायर सारखीच असते, ती आलटून पालटून पाहावी. एसएमपीएसच्या मागचा छोटा काळा स्विच रेघेच्या बाजूला दाबलेला हवा, शून्याच्या बाजूला नव्हे. जुन्या एसएमपीएसवर त्याशेजारी ११५ आणि २३० असे लिहिलेला लाल स्विच असतो, त्याला कुणी हात लावू नये. आपल्याकडची वीज २३० व्होल्टची आहे. साफसफाईत तो स्विच ११५ कडे सरकला तर वीज चालू करताच आवाज होतो, धूर निघतो, आणि एसएमपीएसचा विषय तिथेच संपतो.

कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात, ही तक्रार गावाकडून हमखास येते. लोक समजतात की आत शॉर्ट झाले आहे. एसएमपीएसच्या आवक बाजूला फेज आणि न्यूट्रल या दोन्हींपासून अर्थकडे जोडलेले दोन छोटे कपॅसिटर असतात. अर्थिंग धड असेल तर त्यांचा किंचित प्रवाह जमिनीत जातो. अर्थिंग तुटलेले असेल तर पत्र्यावर साधारण ११५ व्होल्ट तरंगत राहतात आणि हाताला झिणझिण्या येतात. यंत्र ठीक असते, वायरिंग चुकलेले असते. वायरमनकडून अर्थिंग करून घ्यावे, थ्री-पिनची मोठी पिन काढून टाकून दोन पिनांत खुपसू नये.

आता मुख्य काम. बोर्डला जाणाऱ्या २४ पिनांच्या जाड कनेक्टरमध्ये रंगीत वायरी असतात आणि त्या रंगांतच सगळे उत्तर आहे. (काही नव्या एसएमपीएसमध्ये सगळ्याच वायरी काळ्या येतात, तिथे पिनांचा क्रम पाहावा लागतो.) मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवावा, काळी काडी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला लावावी आणि लाल काडी कनेक्टर न काढता मागून वायरीशेजारी हळूच घुसवावी.

सगळ्यात आधी जांभळी. संगणक बंद, पण वीज चालू असताना तिथे ५ व्होल्ट हवेत, ४.७५ ते ५.२५ चालतात. शून्य असेल तर एसएमपीएस गेला, बोर्डला दोष देऊ नये. सव्वाचार-साडेचार दिसले तर तो वाळलेला कपॅसिटर आठवावा. अशा यंत्रावर बोर्डवरचा हिरवा दिवा लुकलुकतो आणि बटणाला दाद मिळत नाही. जांभळी बरोबर असेल तर हिरवी. बंद असताना हिरवीवर काही व्होल्ट दिसतात, बटण दाबताच ते जवळजवळ शून्यावर यायला हवेत. बोर्ड एसएमपीएसला ‘चालू हो’ म्हणून सांगतो ते याच वायरीने. व्होल्ट खाली आलेच नाहीत तर दोष बटणाचा असेल किंवा बोर्डचा. बटण तपासायला त्याची दोन पिनांची टोपी बोर्डवरून काढावी आणि त्या दोन उघड्या पिनांना स्क्रू-ड्रायव्हरचे टोक क्षणभर टेकवावे. संगणक उठला तर फक्त बटण खराब. रीसेटच्या बटणाची टोपी तिथे लावली की तेच चालू करण्याचे बटण होते, पैसे शून्य. हा दोष आणि त्यावर काढलेली नव्या बोर्डाची कोटेशने यांचा मेळ बसत नाही, पण प्रत्यक्षात तसे घडते.

हिरवी खाली येते आणि तरी पंखा फिरत नाही, किंवा एक झटका देऊन थांबतो, तेव्हा एसएमपीएस दमला असेल नाहीतर पुढे कुठेतरी शॉर्ट असेल. वीज काढून हार्ड डिस्क, डीव्हीडी, सगळ्या यूएसबी वायरी आणि पुढच्या यूएसबी पोर्टचा बोर्डवरचा कनेक्टरही सोडवावा. शाळेतल्या यंत्रात पुढच्या यूएसबीची जीभ पेन ड्राइव्ह उलटा घुसवून वाकलेली असते, आतल्या पट्ट्या एकमेकींना टेकतात आणि तेवढ्याने सगळे यंत्र अडते. हे सारे सोडवूनही तसेच असेल तर एसएमपीएस एकटा तपासावा. कनेक्टर बोर्डवरून काढून हिरवी आणि कुठलीही काळी यांच्यामध्ये उघडून सरळ केलेली यू-पिन घालावी. त्याआधी एखादी जुनी निकामी हार्ड डिस्क त्याला जोडावी, कारण जुने एसएमपीएस रिकाम्या पोटी नीट चालत नाहीत. पंखा फिरला म्हणून पास करू नये, आकडे पाहावेत. पिवळी ११.४ ते १२.६, लाल ४.७५ ते ५.२५, नारिंगी ३.१४ ते ३.४६. करड्या वायरीवर ५ च्या आसपास यायला हवेत. ‘सगळे व्होल्ट जागेवर आहेत’ हा निरोप एसएमपीएस त्या वायरीने बोर्डला देतो, आणि तो मिळेपर्यंत प्रोसेसर जागचा हलत नाही. पंखे फिरतात आणि पुढे काहीच नाही, याचे एक कारण करडी वायर हेही असते, तिथे फार जण मोजतच नाहीत.

एसएमपीएसचे डबडे मात्र घरी उघडू नये. आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये वीज काढल्यावरही तीनशेहून जास्त व्होल्ट काही काळ टिकून राहतात.

दुसरा आजार, पंखा फिरतो पण डिस्प्ले नाही. मॉनिटरची केबल संगणकातून काढून मॉनिटर एकटा चालू करावा. ‘नो सिग्नल’ किंवा तत्सम अक्षरे आली तर मॉनिटर शाबूत आहे. यंत्रात वेगळे ग्राफिक कार्ड असेल तर केबल त्या कार्डालाच लावलेली हवी, बोर्डवरच्या मॉनिटरच्या सॉकेटला (व्हीजीए) नव्हे. साफसफाईनंतर ही चूक फार होते. प्रोसेसरजवळचा १२ व्होल्टचा चौकोनी चार पिनांचा कनेक्टरही असाच विसरला जातो. तो नसेल तर पंखे फिरतात आणि पडदा काळाच राहतो.

मग रॅम. वायर काढावी, बटण दहा सेकंद दाबून उरलीसुरली वीज जाऊ द्यावी, हात कॅबिनेटच्या पत्र्याला टेकवावा आणि दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या उघडून पट्टी काढावी. सोनेरी दात पांढऱ्या मऊ खोडरबराने दोन्ही बाजूंनी हलके पुसावेत. सॅंडपेपर, ब्लेड अजिबात नको, सोन्याचा मुलामा अत्यंत पातळ असतो आणि तो गेला की खालचा धातू पुढच्या पावसाळ्यात गंजतो. खोडरबराचा भुगा स्लॉटमध्ये पडू देऊ नये, दात नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बोळ्याने पुसावेत. स्लॉट कोरड्या ब्रशने झाडावा. पट्टी बसवताना दोन्ही खिट्ट्या स्वतःहून ‘टक्’ वाजल्या पाहिजेत. दोन पट्ट्या असतील तर एकेक करून, प्रत्येक स्लॉटमध्ये लावून पाहावे. बदली पट्टी आणताना नुसती ‘चार जीबी’ म्हणून आणू नये. डीडीआर २ आणि डीडीआर ३ (रॅमच्या दोन पिढ्या) दोन्हींना २४० दात असले तरी मधली खाच वेगळ्या जागी असते, व्होल्टही वेगळे, अनुक्रमे १.८ आणि १.५. डीडीआर ४ ला २८८ दात आणि १.२ व्होल्ट. जोर लावून बसवली तर स्लॉट जातो.

इथे एक फुकटची परीक्षा आहे आणि ती केल्याशिवाय कुणी बोर्डला मृत म्हणू नये. सगळी रॅम काढून टाकायची आणि संगणक चालू करायचा. बीप ऐकू आला तर प्रोसेसर, बायोस (यंत्र उठताना सगळ्यात आधी चालणारा बोर्डवरचा प्रोग्राम) आणि बोर्डचा बराचसा भाग जिवंत आहे, कारण ‘रॅम नाही’ ही ओरड तेच करतात. बीप आलाच नाही तर आधी बोर्डला छोटा स्पीकर आहे का ते पाहावे. बऱ्याच कॅबिनेटमध्ये तो नसतोच, चार पिनांचा बझर अगदी किरकोळ किमतीत मिळतो. रॅम असतानाचे बीपही मोजावेत. जुन्या अवॉर्ड बायोसमध्ये एक लांब आणि दोन आखूड म्हणजे डिस्प्लेचा दोष, थांबून थांबून येणारे लांब बीप म्हणजे रॅम. एएमआय बायोसमध्ये आठ बीप डिस्प्लेचे.

तिसरा आजार, काही सेकंद चालून आपोआप बंद. असे यंत्र बहुधा तापलेले असते. प्रोसेसरवरचा हीटसिंक (उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा) हलवून पाहावा. एलजीए ७७५ या इंटेलच्या जुन्या सॉकेटच्या काळातले हीटसिंक चार प्लास्टिकच्या खुंट्यांवर बसतात, एक खुंटी सुटली तरी प्रोसेसर अर्ध्या मिनिटात तापून यंत्र बंद करतो. थर्मल पेस्ट वाळून खडूसारखी झाली असेल तर ती पूर्ण पुसून नवी लावावी, वाटाण्याच्या दाण्याएवढीच. जास्त लावली म्हणजे जास्त थंड राहते असे काही नाही. ब्लोअर मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे, नाहीतर ते वाऱ्याने भन्नाट फिरून बेअरिंग खराब होते.

बोर्डवरचे कपॅसिटर डोळ्यांनीच तपासता येतात. २००० च्या दशकात बनलेल्या असंख्य बोर्डांत सदोष इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर गेले होते, त्यातली काही यंत्रे अजून कोपऱ्यात आहेत. कपॅसिटरचा माथा सपाट हवा. तो फुगला असेल, वरच्या खाचेतून तपकिरी खपली आली असेल किंवा बुडातून ओघळ दिसत असेल तर तो बदलायचा. मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्ट तेवढे किंवा थोडे जास्त (६.३ च्या जागी १० चालतो, जागेत मावला तर), १०५ अंशांचा, लो ईएसआर (आतला रोध कमी असलेल्या) जातीचा, आणि उणे बाजूची पट्टी पूर्वीच्याच दिशेला. भाग काही रुपयांचा असतो, मजुरी कसबाची. बोर्डला अनेक थर असतात, साध्या लहान सोल्डरिंग गनने रेटारेटी केली तर भोकातले आतले अस्तर उखडते. ज्याने आधी केले आहे त्याच्याकडेच द्यावे.

आता सेल. बाहेर काढून मोजला तर ३ व्होल्ट हवेत, २.७ च्या खाली असेल तर नवा घालावा. काही बोर्ड मेलेल्या सेलवर डिस्प्लेच देत नाहीत, म्हणून हा उपाय दुसऱ्या आजारालाही लागू आहे. पण सेल बदलला की एक नवाच घोळ उभा राहतो आणि चांगले कारागीरही त्यात अडकतात. बायोसच्या सगळ्या नोंदी मूळ पदावर जातात. साटाची, म्हणजे हार्ड डिस्कच्या जोडणीची, रीत एएचसीआय होती ती काही बोर्डांत आयडीई होते, आणि विंडोज सुरू होता होता ७बी क्रमांकाचा निळा पडदा येतो. मग ‘हार्ड डिस्क उडाली’ म्हणून ती फॉरमॅट केली जाते आणि शाळेची दहा वर्षांची दाखल्यांची नोंद जाते. बायोसमध्ये साटाची रीत एकदा बदलून पाहायला मिनिट लागते. डिस्प्ले येत असेल तर सेल काढण्याआधी बायोसच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. सेल घालून झाल्यावर तारीखही दुरुस्त करावी. तारीख कित्येक वर्षे मागे राहिली तर बँकेची आणि सरकारी संकेतस्थळे उघडत नाहीत, आणि लोक इंटरनेटवाल्याशी भांडत बसतात.

चौथा आजार, अक्षरे येतात पण विंडोज येत नाही. इथे हार्ड डिस्कमधून ठराविक लयीत टक-टक आवाज येत असेल तर पुन्हा पुन्हा चालू करून पाहू नये. प्रत्येक फेरीत नुकसान वाढते. तिच्यावर चेकडिस्कही (विंडोजमधली डिस्कतपासणी) चालवू नये. आवाज नसेल, तर साटा केबल बदलून, दुसऱ्या यंत्राला जोडून आधी नक्कल काढावी आणि मगच दुरुस्तीचा विचार करावा.

पाऊस तोंडावर आहे म्हणून एवढे सांगितलेच पाहिजे. कृष्णेची पातळी आयर्विन पुलाजवळ ४० फुटांवर गेली की इशारा आणि ४५ ला धोका, हे सांगलीकरांना पाठ आहे. तळमजल्यावरच्या कॅबिनेटनाही तोच पाठ लागू करावा आणि ती चाळिशीआधीच माडीवर न्यावीत. २०१९ आणि २०२१ सारखे पाणी शिरून यंत्र भिजलेच तर वाळले की नाही ते पाहायला चालू करू नये. सेल लगेच काढावा. चिखल असतानाच बोर्ड स्वच्छ पाण्याने, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन सावलीत कित्येक दिवस वाळवावा. एसएमपीएस टाकून द्यावा. हार्ड डिस्कमध्ये मोलाचा मजकूर असेल तर ती वाळवू नये, ओलीच पिशवीत बंद करून डेटा काढणाऱ्यांकडे न्यावी. वाळलेला गाळ तबकडीला चिकटून बसतो.

आमची मागणी लहान आहे. निर्लेखनाच्या प्रस्तावाला ‘दुरुस्तीयोग्य नाही’ एवढ्या दोन शब्दांचा दाखला चालतो, तो चालू नये. त्यावर जांभळी, पिवळी, लाल, नारिंगी यांचे मोजलेले व्होल्ट, सेलचे व्होल्ट, रॅम काढून बीप आला की नाही, दुसरा एसएमपीएस लावून काय झाले, आणि कपॅसिटरची स्थिती एवढे लिहिलेले असावे. एकाच वेळी घेतलेली एकाच बनावटीची दहा यंत्रे असतील तर तीन बंद यंत्रांतून एक चालू यंत्र सहज उभे राहते. ‘नगाची नोंद बिघडेल, लेखापरीक्षणात आक्षेप येईल’ या भीतीने ते कुणी करत नाही. भागांच्या अदलाबदलीची नोंद करायला जडसंग्रह नोंदवहीच्या शेरा रकान्यात जागा आहे.

उठलेल्या यंत्राकडून अपेक्षाही बेताच्याच ठेवाव्यात. विंडोज ७ चा आधार (कंपनीकडून येणाऱ्या सुरक्षा सुधारणा) १४ जानेवारी २०२० ला आणि विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. अशा यंत्रावर बँकेचे व्यवहार करू नयेत. हार्ड डिस्कऐवजी छोटी साटा एसएसडी आणि त्यावर लिनक्स घातले तर टंकलेखन, छपाई, मुलांचा सराव यासाठी ते आणखी काही वर्षे ओढते.

आणि जे खरोखरच संपले आहे ते भंगाराच्या गाडीवर घालू नये. ई-कचरा नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, त्यानुसार ते नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडेच गेले पाहिजे. त्यातली हार्ड डिस्क आधी काढून कार्यालयातच ठेवावी. मुलांची नावे, पालकांचे खातेक्रमांक आणि आधारच्या प्रती तिच्यात तशाच असतात.

आपले,
संगणक दुरुस्तीचे काम करणारे काही कारागीर,
सांगली-मिरज